विजेची राखण आणि लोकांचा विश्वास

आमच्या शाळेच्या मागील आळींत गेल्या वर्षीं घरोघरचीं विजेचीं मीटर बदलण्यांत आलीं. बदलणारे कामगार सभ्य होते. एकेका घरीं त्यांस पाव तासाहून अधिक वेळ लागला नाहीं. परंतु त्या पाव तासानें आळींत जी कुजबुज सुरू झाली ती वर्ष उलटलें तरी थांबलेली नाहीं. कोणी म्हणे, नवें मीटर फार पळतें; कोणी म्हणे, मुंबईस बसलेला मनुष्य बटण दाबून आपल्या घरांत अंधार करूं शकतो; आणि आमच्या इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्याच्या आजीबाईंनीं तर पालकसभेनंतर आम्हांस बाजूला घेऊन विचारिलें, "मास्तर, हें मीटर आमच्याशीं कांहीं बोलत नाहीं; आमच्याविषयीं मात्र कोणाला तरी सांगत असतें म्हणे. खरें का हें?" त्या वेळीं आम्हीं त्यांस कांहीं तरी गुळमुळीत उत्तर दिलें. त्या उत्तराची भरपाई म्हणून प्रस्तुत लेख लिहीत आहों.

प्रथम त्या डब्याचीच ओळख करून घेऊं. इ. स. १८८५ मध्यें इटलींतील ट्यूरिन शहरीं गालिलेओ फेरारिस या शास्त्रज्ञानें फिरत्या चुंबकक्षेत्राचें तत्त्व प्रयोगानें दाखविलें, आणि १८८९ मध्यें हंगेरींतील ओटो ब्लाथी या अभियंत्यानें चकतीचें मीटर सिद्ध केलें. घरांत विजेचा वापर वाढला कीं ॲल्युमिनियमची चकती वेगानें फिरे, कमी झाला कीं सावकाश फिरे. वडील मंडळींस ती आठवत असेल. लहानपणीं आम्हीही स्टुलावर चढून तिच्याकडे पाहत असूं व त्याबद्दल बोलणीं खात असूं. त्या मीटरास एकच गोष्ट ठाऊक असे, ती ही कीं, आजपर्यंत एकंदर किती युनिटें खर्च झालीं. महिन्यांतून एकदां मनुष्य येई, आंकडा टिपून घेई आणि जाई. पुढें चकती गेली व लुकलुकणारा तांबडा दिवा आला, तरी ज्ञान बहुतेक तेवढेंच राहिलें. नव्या मीटराची गोष्ट निराळी आहे. तें दर पंधरा मिनिटांनीं किंवा अर्ध्या तासानें वापराची नोंद करितें, ती नोंद बिनतारी मार्गानें कंपनीच्या संगणकाकडे धाडतें, आणि उलट दिशेनें आलेली आज्ञाही ऐकतें. वीज तोडण्याची व पुन्हां जोडण्याची आज्ञा तींतच आली.

अशा रीतीनें मीटरास डोळा आणि कान आले. त्यास हात दिले म्हणजे, जिला घराची स्वयंचलित वीजव्यवस्था म्हणतात, ती तयार होते. गीझर, एसी, विजेची मोटार, छपरावरील सौर पॅनेल व त्यांची बॅटरी हीं सर्व एका लहानशा संगणकास जोडलेलीं असतात. वीज केव्हां स्वस्त, केव्हां महाग, ऊन किती पडेल, घरच्या माणसांस आंघोळीचें पाणी किती वाजतां लागतें, हें ध्यानांत ठेवून तो संगणक एक उपकरण चालू करितो, दुसरें बंद करितो. घरधन्यास जागचें उठावें लागत नाहीं. कित्येक देशांत यांपैकीं कांहीं कारभार वीजकंपनीच दुरून पाहते व त्याबद्दल बिलांत सूट देते. आमच्या आळींत हें सारें अद्याप आलेलें नाहीं. डोळा व कान एवढेच आले आहेत. पण जेथें डोळा आला तेथें हात येण्यास फार काळ लागत नाहीं, म्हणून विचार आधींच केलेला बरा.

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. धान्य कणगींत भरून ठेवतां येतें, पाणी हंड्यांत ठेवतां येतें. वीज तशी सांठविणें फार खर्चाचें पडतें. ज्या क्षणीं जितकी मागणी, त्याच क्षणीं तितकाच पुरवठा, हा तिचा नियम. हा तोल गेला म्हणजे काय होतें तें ३१ जुलै २०१२ रोजीं सर्व जगास दिसलें. उत्तर, पूर्व व ईशान्य भारतांतील ज्या प्रदेशांत त्या दिवशीं वीज गेली तेथें ६० कोटींहून अधिक लोक राहत होते. महाराष्ट्रांत हा तोल संभाळण्याचें मोठें काम कोयनेचा प्रकल्प करितो. त्याची शक्ति १,९६० मेगावॅट. सायंकाळीं घरोघर दिवे, मिक्सर आणि टीव्ही एकदम सुरू झाले कीं, पाणी सोडून तेथील जनित्रें कांहीं मिनिटांत चालू करतां येतात. कोळशाचें केंद्र इतक्या झटपट हलत नाहीं. परंतु धरणांतील पाणीही मोजकेंच. उलट सूर्यापासून मिळणारी वीज अलीकडे वर्षानुवर्षें वाढत आहे, आणि ती नेमकी दुपारीं येते. म्हणजे दुपारीं दूध उतू जावें आणि दिवेलागणीस चहापुरतेंही नसावें, अशी गत. ज्यास आपलें काम दुपारीं उरकतां येईल त्यानें तें दुपारींच उरकावें, या हेतूनें केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांत असें सांगितलें कीं, सूर्यप्रकाशाच्या आठ तासांतील दर नेहमींच्या दरापेक्षां निदान २० टक्के कमी असावा. त्यास अनुसरून महाराष्ट्रांत १ जुलै २०२५ पासून, नवें मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांस सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ या वेळांतील विजेवर युनिटामागें ८० पैशांपासून सूट देण्याचें ठरलें.

आमच्या पिढीस या गोष्टीचा जुना अवतार चांगलाच परिचयाचा आहे. २००५ च्या सुमारास व पुढेंही कित्येक वर्षें महाराष्ट्रांत भारनियमन होतें. मागणी कमी करावयाची ती गांवेंच्या गांवें अंधारांत ठेवून. मुंबई शहर त्यांतून सुटलें. खेड्यांत मात्र दिवसाचे कित्येक तास वीज नसे, आणि त्या वेळीं कंदिलापाशीं बसून अभ्यास केलेलीं मुलेंच आज आमच्या विद्यार्थ्यांचे आईबाप आहेत. तें भारनियमन जाचक होतें यांत शंका नाहीं. पण त्याचें वेळापत्रक वर्तमानपत्रांत छापून येई. कोणाची वीज जाणार व कोणाची जाणार नाहीं हें उघड दिसे, आणि त्यावर उघड भांडतांही येई. नव्या व्यवस्थेंत सबंध आळी अंधारांत ठेवावी लागत नाहीं, एकेका घरांतला एकेक गीझर तासभर थोपवितां येतो, ही सुधारणा मोठीच होय. मात्र कोणाचा थोपविला, कोणाचा नाहीं, आणि कां, हें आतां उघड दिसत नाहीं. विश्वासाचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

१२ ऑगस्ट २०२० रोजीं, जन्माष्टमीच्या दिवशीं, उत्तर प्रदेशांत लाखाहून अधिक घरांची वीज एकाएकीं गेली. वादळ झालें नव्हतें, तार तुटली नव्हती. नव्या मीटरांस वीज तोडण्याची आज्ञा चुकून गेली होती, आणि मीटरांनीं ती इमानानें पाळली. ज्यांनीं बिल वेळेवर भरलें होतें त्यांचींही घरें अंधारांत बुडालीं. सरकारनें चौकशी लावली व नवीं मीटर बसविणें त्या वेळीं थांबविलें. पूर्वीं वीज तोडण्यास वायरमनला सायकलीवरून यावें लागे, शिडी लावावी लागे; दारांत उभ्या असलेल्या त्या मनुष्याशीं दोन शब्द बोलतां येत, त्यास पावती दाखवितां येई. चूक झाली तर ती एका घरापुरती होई. आज्ञा क्षणांत लाख घरीं पोंचूं लागली म्हणजे चूकही तितक्याच घरीं पोंचते.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांतलें आहे, आणि तें अधिक विचार करण्यासारखें आहे. कारण तेथें चूक अशी कांहीं झालीच नव्हती. तेथील वीजकंपनीनें ग्राहकांशीं करार केला होता कीं, उन्हाळ्यांतील कांहीं तास तुमच्या एसीचें नियंत्रण आमच्या हातीं द्या. आरंभीं १०० डॉलर व पुढें दरवर्षीं २५ डॉलर देऊं. पुष्कळांनीं तें आनंदानें मान्य केलें. कंपनी दुरून घराचें तापमान थोडें चढूं देई, पण ज्यास सोसवत नसे त्यास भिंतीवरील यंत्रावर बोट ठेवून तें पूर्ववत् करतां येई. ३० ऑगस्ट २०२२ रोजीं कडक ऊन होतें, आणि त्यांतच एक वीजकेंद्र अचानक बंद पडलेलें. त्या दिवशीं सुमारे २२,००० घरांतील यंत्रांस कंपनीनें कांहीं तासांपुरतें कुलूपच घातलें. बोट ठेवून कांहींच होईना. कांहीं घरांत पारा ८८ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३१ अंश सेंटिग्रेडपर्यंत चढला. आमचे नागपूरकर वाचक या आंकड्यास हसतील! परंतु लोक संतापले ते केवळ उकाड्यामुळें नव्हे. आपल्या भिंतीवरचें आपलें यंत्र आपलें ऐकत नाहीं, ही गोष्ट त्यांस झोंबली. करारांत आणीबाणीचें कलम होतें, तेव्हां कंपनीनें वचन मोडलें असें म्हणतां येत नाहीं. पण तें कलम सही करतांना कितीकांनीं वाचलें असेल?

आतां आजीबाईंच्या प्रश्नाकडे वळूं. मीटर सांगतें तें काय? अमेरिकेंतील एम. आय. टी. या विख्यात संस्थेंत जॉर्ज हार्ट या संशोधकानें १९८० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं, घरांत येणाऱ्या मुख्य तारेवर एकाच ठिकाणीं घेतलेल्या मापावरून घरांतील कोणतें उपकरण केव्हां लागलें हें ओळखतां येतें. प्रत्येक उपकरणाची चाल निराळी. फ्रिज ठराविक वेळानें जागा होतो व पुन्हां निजतो. गीझर एकदम मोठी उडी घेतो. पंधरा मिनिटांच्या किंवा तासाच्या नोंदींत इतकी बारकाई नसते, हें खरें. पण घराची दिनचर्या तींतूनही कळते. आम्हीं हें वर्गांत करून पाहिलें. आमच्याच घरचे एका आठवड्याचे तासातासाचे आंकडे फळ्यावर लिहिले आणि मुलांनीं ते आलेखाच्या कागदावर उतरविले. तास संपण्यापूर्वींच मुलांनीं आम्ही किती वाजतां उठतों, कपडे धुण्याचें यंत्र कोणत्या वारीं लावितों, आणि कोणते दोन दिवस परगांवीं होतों हें बिनचूक सांगितलें. आम्हांस मौज वाटली. मग मागच्या बाकावरील एक मुलगा म्हणाला, "सर, मंगळवारीं रात्रीं दोन ते चार तुमच्याकडे सगळे जागे होते का?" त्या रात्रीं आमच्या घरीं आजारपण होतें. आम्हीं "होय" म्हटलें आणि फळा पुसला.

हॉलंड देशांत याच गोष्टीवरून मोठा वाद झाला. २००८ मध्यें तेथील सरकारनें असा कायदा आणिला कीं, प्रत्येक घरानें नवें मीटर घेतलेंच पाहिजे. नाकारणारास १७,००० युरोपर्यंत दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकेल. ग्राहकसंघानें टिलबर्ग विद्यापीठांतील कायदेपंडितांकडून या कायद्याची तपासणी करविली. कौटुंबिक जीवनाच्या खासगीपणाचा जो हक्क युरोपीय देशांनीं मान्य केला आहे त्याशीं हें जुळत नाहीं, असा त्यांनीं अभिप्राय दिला, आणि एप्रिल २००९ मध्यें तेथील वरिष्ठ सभागृहानें तो कायदा अडविला. पुढें सुधारलेला कायदा आला. त्यांत ग्राहकास मीटर नाकारण्याची मुभा होती. शिवाय, मीटर घ्यावें पण त्यानें दूरवर कांहीं कळवूं नये, अशीही सोय होती. वाचकांस नवल वाटेल, पण सक्ती गेल्यावर पुढील वर्षांत बहुसंख्य डच घरांनीं तें मीटर घेतलें. नाहीं म्हणण्याचा हक्क हातीं असला म्हणजे होय म्हणावयास मनुष्य कचरत नाहीं, असें आम्हांस यावरून वाटतें.

अमेरिकेंत शिकागोजवळील नेपरव्हिल या गांवचे कांहीं नागरिक न्यायालयांत गेले. १६ ऑगस्ट २०१८ रोजीं वरिष्ठ न्यायालयानें असा निकाल दिला कीं, दर पंधरा मिनिटांनीं घराच्या विजेची नोंद घेणें ही एक प्रकारची झडतीच होय. मात्र ती गुन्ह्याच्या तपासासाठीं नसून वीजपुरवठ्यासाठीं असल्यामुळें गैरवाजवी नाहीं. म्हणजे हेतु बदलला तर उत्तरही बदलूं शकेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांच्या एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं नागरिकशास्त्राच्या वहींत टिपून ठेवावें.

येथवर झालें तें यंत्र आणि कंपनी यांविषयीं. पण घरें सर्व सारखीं नसतात, आणि आमच्या मतें खरी अडचण तेथेंच आहे. दुपारच्या स्वस्त विजेचेंच उदाहरण घ्या. आमच्या आळींत दोन बहिणी समोरासमोर राहतात. थोरली घरीं शिवणकाम करिते. तिचें शिवणयंत्र, इस्त्री, पाण्याची मोटार सर्व कांहीं नऊ ते पांच या वेळांत चालतें. तिला सूट मिळते आणि ती संतुष्ट आहे. धाकटी एका दुकानांत नोकरीस जाते. सकाळीं आठाला घर सोडते ती सायंकाळीं सातला परतते. मग कुकर, मिक्सर, इस्त्री, मुलांच्या अभ्यासाचा दिवा, सारें सातनंतर. घर तेवढेंच, माणसें तेवढींच, कष्ट बहुधा अधिकच. पण सवलत तिच्या वांट्यास येत नाहीं. तिनें आळस केला म्हणून नव्हे, तिचा दिवस तिच्या हातीं नाहीं म्हणून. तिच्या घरीं वेळ पाहून आपोआप चालणारें धुण्याचें यंत्र असतें तर कदाचित् तिलाही लाभ झाला असता. परंतु तसलें यंत्र ज्याला परवडतें त्याला सवलतीची निकड बेताचीच असते. या कोड्याचें उत्तर मीटर देऊं शकत नाहीं. दर ठरविणाऱ्यांनींच तें द्यावयाचें आहे.

भाडेकरूंची अडचण वेगळी. छपरावर सौर पॅनेल बसविण्यास छप्पर आपलें असावें लागतें. एका खोलींत दोन बिऱ्हाडें व एक मीटर असलें तर नोंद कोणाची, संमति कोणाची? सर्व माहिती मोबाईलच्या अ‍ॅपवर असते असें सांगतात. पण ज्या घरीं एकच मोबाईल आहे आणि तो घेऊन घरधनी कामावर जातो, त्या घरच्या गृहिणीस ती माहिती कशी मिळावी? चूल, पाणी, इस्त्री पाहते ती, आणि सूचना येते त्याच्या खिशांत. अंध मनुष्यास जुन्या मीटराचा आंकडा दुसऱ्यानें वाचून दाखवावा लागे. नवें यंत्र बोलूं शकेल इतकें हुशार आहे, पण तें बोलतें करावें असें कोणास सुचलें तर ना! सूचनांची भाषा हीही लहान बाब नव्हे. मराठी असली तरी ती कचेरींतली मराठी असते; आमच्या आजीबाईंस ‘मागणी आकार’ म्हणजे काय तें आम्हांस दोनदां समजावून सांगावें लागलें, आणि दुसऱ्या खेपेस आमचाच गोंधळ झाला.

सर्वांत नाजूक प्रश्न आगाऊ पैसे भरण्याच्या, म्हणजे प्रीपेड मीटरांचा. पैसे संपले कीं वीज संपली. मोबाईलचें बोलणें बंद झालें तर मनुष्य उद्यांपर्यंत थांबूं शकतो. दम्याच्या रोग्याचें वाफेचें यंत्र थांबूं शकत नाहीं. ब्रिटनमध्यें नव्या मीटरास दुरूनच प्रीपेड करतां येतें, त्यासाठीं दार ठोठवावें लागत नाहीं. जुन्या मीटरांच्या घरीं तर न्यायालयाचें वॉरंट काढून कंपन्यांचीं माणसें आंत शिरत व प्रीपेड मीटर बसवीत. फेब्रुवारी २०२३ मध्यें एका वर्तमानपत्राच्या बातमीदारानें अशा माणसांबरोबर हिंडून उघडकीस आणिलें कीं, हें आजारी व लहान मुलें असलेल्या घरींही होत आहे. देशभर गहजब झाला, सक्तीनें मीटर बसविणें थांबविण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं पुढें असे नियम झाले कीं, घरांत दुसरा आधार नसलेल्या ७५ वर्षांवरील वृद्धांच्या व दोन वर्षांखालील मुलांच्या घरीं अशी सक्ती करूं नये. आपल्या देशांत २०२१ च्या योजनेंत २५ कोटी प्रीपेड मीटर बसविण्याचा संकल्प झाला. महाराष्ट्रांत त्यास विरोध झाला, आणि जून २०२४ मध्यें सामान्य घरगुती ग्राहकांस तीं लावणार नाहीं असें राज्य सरकारनें जाहीर केलें. २०२५ मध्यें जीं नवीं मीटर बसूं लागलीं तीं महिनाअखेर बिल येणारीं. हा भेद मोठा आहे. पण तो आमच्या आळींत कोणी येऊन सांगितला नाहीं. डबा तसाच, कामगार तसेच, म्हणून लोकांनीं मानलें कीं नांव बदललें, पाहुणा तोच. न सांगितलेल्या गोष्टीच्या जागीं अफवा येऊन बसते.

याच्या उलट एक चित्र आम्हांस फार आवडतें. स्कॉटलंडच्या पश्चिमेस समुद्रांत एग नांवाचें एक बेट आहे. इंग्रजींत अंड्यास जो शब्द आहे तोच त्याचा उच्चार. क्षेत्रफळ सुमारें ३१ चौरस किलोमीटर, वस्ती शंभरेक माणसांची. पूर्वीं सारें बेट एकेका जमीनदाराच्या मालकीचें असे. १९९७ मध्यें रहिवाशांनीं वर्गणी गोळा करून, इतरांच्या सहाय्यानें, तें विकत घेतलें. मुख्य भूमीवरून तेथें विजेची तार गेलेली नाहीं. घरोघर डिझेलचीं जनित्रें धडधडत असत. १ फेब्रुवारी २००८ पासून बेटाची स्वतःची वीज सुरू झाली, ओढ्यांच्या पाण्याची, वाऱ्याची आणि उन्हाची. डिझेल केवळ अडीअडचणीस ठेविलें आहे.

आतां शंभर माणसांस पुरेल इतकीच वीज; ती वांटावी कशी? बेटकऱ्यांनीं नियम केला कीं, कोणत्याही घरानें एका वेळीं ५ किलोवॅटहून अधिक ओढूं नये, आणि दुकान, उपाहारगृह इत्यादिकांनीं १० किलोवॅटहून अधिक ओढूं नये. घर लहान असो कीं मोठें, धनी श्रीमंत असो कीं गरीब, मर्यादा एकच. प्रत्येक घरांत एक लहानसा दर्शक असतो. या क्षणीं किती वीज चालली आहे हें तो दाखवितो. किटली व धुण्याचें यंत्र बरोबर चालतील. तिसरें मोठें उपकरण लावण्यापूर्वीं मात्र दर्शकाकडे पाहावें लागतें. मर्यादा ओलांडली तर त्या घराची वीज आपोआप तुटते, आणि ती जोडण्यास बेटावरीलच शिकवून तयार केलेला मनुष्य यावा लागतो, दंडही भरावा लागतो. वारा पडला व ओढे आटले म्हणजे ‘तांबड्या दिव्याचा दिवस’ जाहीर होतो. त्या दिवशीं सर्वांनीं वापर आवरावा अशी विनंती असते. उलट वीज जास्त झाली तर ती वायां न दवडतां सभागृह, प्रार्थनामंदिर इत्यादि सर्वांच्या जागा ऊबदार करण्यास वापरितात.

यांत वीज तोडणें आहे, मर्यादा आहे, दंडसुद्धां आहे. कोलोरॅडोच्या लोकांस जें असह्य झालें त्याहून हें कमी कडक नाहीं. तरी एगच्या लोकांनीं तें चालविलें आहे, आणि तेंही आपण होऊन. कारण नियम करणारे तेच, मर्यादा सर्वांस दिसणारी, तोडणारें यंत्र काय पाहून तोडतें हें पोरासोरांसही ठाऊक, आणि जोडावयास येणारा मनुष्य शेजारचाच. आपलीं शहरें म्हणजे एग नव्हे, हें आम्ही जाणतों. लाखों ग्राहकांची सभा भरवून पांच किलोवॅटचा ठराव करतां येणार नाहीं. परंतु एकेका आळीची, चाळीची, गृहसंस्थेची सभा भरवितां येते. पुणे जिल्ह्यांतील दरेवाडी या डोंगराळ वाडींत २०१२ मध्यें जेमतेम चाळीस घरांसाठीं सौर वीज आली, तेव्हां तिचा कारभार गांवच्याच न्यासाकडे सोंपविण्यांत आला होता. मीटर बसविण्यापूर्वीं आठ दिवस कोणी तरी जबाबदार मनुष्य आमच्या आळींत येऊन मारुतीच्या पारावर तासभर बसला असता, तर पुष्कळ काम झालें असतें.

राहतां राहिला ‘मीटर पळतें’ हा आक्षेप. कॅलिफोर्नियांतील बेकर्सफील्ड शहरीं २००९ मध्यें नव्या मीटरांविरुद्ध हीच तक्रार फार झाली. राज्याच्या नियामक मंडळानें बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करविली; २०१० च्या सप्टेंबरांत त्यांनीं सांगितलें कीं मीटर बरोबर आहेत, त्या उन्हाळ्यांतील उकाडा व वाढलेले दर यांमुळें बिलें फुगलीं. पण त्याच अहवालांत असेंही होतें कीं, तक्रारी घेऊन येणाऱ्या ग्राहकांशीं कंपनी नीट वागली नाहीं. तेव्हां मीटर खरें आणि तक्रारही अगदींच खोटी नव्हे, असें दोन्ही संभवतें.

आपल्याकडे यावर एक चांगला उपाय फेब्रुवारी २०२४ पासून नियमांत आला आहे, तो वाचकांनीं लक्षांत ठेवावा. मीटराचा आंकडा आपल्या वापराशीं जुळत नाहीं अशी ग्राहकानें तक्रार केली तर वितरण कंपनीनें पांच दिवसांच्या आंत शेजारीं दुसरें मीटर बसवावयाचें, आणि निदान तीन महिने दोहोंचे आंकडे ताडून पाहावयाचे. आम्हीं हें आजीबाईंस सांगितलें. त्यांच्या वतीनें नातवानें अर्ज लिहिला. शुद्धलेखनाच्या चुका आम्हीं दुरुस्त केल्या. अर्ज दोनदां द्यावा लागला, पण अखेरीस दुसरें मीटर बसलें. नातू दर रविवारीं सकाळीं स्टुलावर चढून दोन्ही आंकडे वहींत मांडतो आणि आजीबाई खालीं उभ्या राहून ते मोठ्यानें वाचावयास लावितात. हा अंक छापावयास जाईपर्यंत दोन महिने झाले आहेत व दोन्ही मीटर जुळतात. आम्हीं त्यांस विचारिलें, आतां तरी खात्री पटली ना? त्या म्हणाल्या, "अजून एक महिना आहे, मास्तर."